विसापूर, जुलैअखेर: नाळेत पाणी किती आणि वाट कशी

गायमुख खिंडीकडून विसापूर किल्ल्यावर चढणारी वाट सध्या चालण्याजोगी आहे. कोरडी मात्र कुठेच नाही. शेवटचा टप्पा पाण्यानेच कोरलेल्या नाळेतून, म्हणजे अरुंद, उभ्या घळीतून जातो, त्यामुळे पावसाळ्यात वाट आणि ओढा एकच. चढताना याची मजा वाटते, खरा कस उतरताना लागतो.

मळवली स्टेशनवरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव आणि तिथून वळणावळणाच्या रस्त्याने खिंड: रमतगमत दीड तास. खिंडीत उजवीकडे लोहगडवाडी, डावीकडे विसापूरची रानवाट. सुरुवातीला लाल चिखल आहे, घोट्यापर्यंत. थोड्या वेळाने दोन वाटा फुटतात. समोरची रुंद वाट मोहात पाडते. ती सोडा आणि डावीकडे वळा. रानात ढोरवाटाही पुष्कळ आहेत. कारवीत अंग घासत, वाकून चालावं लागायला लागलं, की वाट चुकली असं समजा आणि शेवटच्या फाट्यापर्यंत परत या. बरोबर वाटेवर दहा-पंधरा मिनिटांत धोंड्यांची नाळ लागते.

नाळेत शिरण्याआधी दोन मिनिटं थांबून पाणी बघा. घोटाभर आणि नितळ असेल तर खुशाल चढा. गुडघ्याला लागत असेल किंवा रंग चहासारखा झाला असेल तर वर जोराची सर कोसळते आहे. तिथूनच मागे फिरा. नाळ अरुंद असल्याने पाणी बघता बघता चढतं आणि बाजूला सरकायला जागा फार थोडी आहे.

पाय घसरतो तो वाहत्या पाण्यात कमी, कडेच्या काळपट, कोरड्या वाटणाऱ्या कातळावर जास्त. त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि तो दिसत नाही. पाणी सतत घासून गेलेला खडबडीत दगड त्या मानाने भरवशाचा. तळ गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज आणि चपला इथे कामाच्या नाहीत. रबरी, खोल खाचांचा तळ हवा. बूट भिजू नयेत म्हणून कडेकडेने उड्या मारणारेच जास्त आपटतात. बूट भिजणारच आहेत. मोबाइल आणि छत्री पिशवीत टाका, दोन्ही हात मोकळे ठेवा. धोंडे काही ठिकाणी हलतात, म्हणून एकाच्या थेट खाली दुसरा नको. मधे चार-पाच मीटर अंतर राहू द्या.

खिंडीपासून माथ्यापर्यंत पाऊण ते एक तास. वर पोचल्याबरोबर मागे वळून नाळेचं तोंड नीट पाहून ठेवा, कारण माथा प्रशस्त आहे आणि धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी तटबंदी डोळ्यांसमोर ठेवून चाला, पण तटावर चढू नका: दगड सुटलेले आहेत आणि कड्यावर वारा ढकलतो. पाण्याच्या टाक्यांच्या काठावर गवत माजलं आहे. गवतात काठी टेकून पाहिल्याशिवाय पाऊल नको. मारुतीचं शिल्प आणि दगडी जातं धुक्यातही सापडतं. गुहांमध्ये मात्र पाणी साचतं, तिथे आडोशाचा बेत करू नका. आभाळ मोकळं झालं तर शेजारचा लोहगड किल्ला खाली दिसतो, विंचूकाटा या त्याच्या लांबट सोंडेसकट. विसापूर १०८४ मीटर, लोहगडापेक्षा उंच. १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड टिकला नाही, त्याचं कारण इथे उभं राहिलं की सांगावं लागत नाही.

उतरताना चढण्याइतकाच, किंबहुना थोडा जास्त वेळ धरा. उभ्या धोंड्यांवर तोंड दगडाकडे करून, बसत बसत उतरणं सुरक्षित. लाजायचं काही नाही. दुपारी एकला परतीला लागा. शनिवार-रविवारी नाळेत वर येणाऱ्यांची आणि खाली जाणाऱ्यांची कोंडी होते, आणि त्या ताटकळण्यात लोक शेवाळी कडेने पुढे घुसायला बघतात. जमल्यास मधला वार निवडा. भाजे लेण्यांच्या पुढून वर जाणारी मोडक्या पायऱ्यांची वाट वाटाड्याशिवाय नको, आणि पावसात उतरायला तर नकोच.

मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी. दुपारच्या लोकलमध्ये मोठा खंड पडू शकतो, त्यामुळे परतीची वेळ आधीच पाहून ठेवा. पावसाळ्यात प्रशासन मावळातल्या काही ठिकाणी बंदी घालतं. आदल्या दिवशी चौकशी करून निघा. माथ्यावर खाण्यापिण्याची सोय गृहीत धरू नका. माणशी दीड लिटर पाणी, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, आणि मोज्यांची एक जास्तीची जोडी.