नवी गाडी, काटोल-वरूडचा रस्ता आणि चिखलदरा

नागपुरात नवी गाडी घेतली की सल्ले फुकट मिळतात. टेकडी गणपतीसमोर चाकाखालचं लिंबू चिरडायच्या आत पहिला येतो, "हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नको." दुसरा पानठेल्यावर मिळतो, "समृद्धीवर घाल बे, शिर्डीले जाऊन ये, गाडी मोकळी होते!" आम्ही दोन्ही ऐकून घेतले आणि रनिंग-इन करायला, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला बेतानं चालवून जुळवून घ्यायला, काटोल, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा असं करत चिखलदऱ्याला गेलो. गाडी साधी १.२ लिटर पेट्रोल, पाच गिअरची. एका बाजूचं अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास.

समृद्धीबद्दल तक्रार नाही. पण १२० ची मर्यादा, ना सिग्नल ना गाव, त्यामुळे पाय एकाच जागी थिजतो आणि इंजिन तासन् तास एकाच आरपीएमवर (मिनिटाला तेवढेच फेरे) फिरत राहतं. नव्या इंजिनाला नेमकं तेच नको असतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात होनिंग करून, म्हणजे बारीक घासून, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा पाडलेल्या असतात, तेल धरून ठेवायला. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासत घासत तिच्याशी जुळतात. रिंगांना भिंतीवर जोरानं दाबतो तो जळणाऱ्या वायूचा दाब. म्हणजे ॲक्सिलरेटर थोडा तरी दाबायलाच हवा. नुसती रांगत चालवली तर रिंगा पुरत्या बसत नाहीत, भिंत गुळगुळीत होते आणि इंजिन पुढे तेल प्यायला लागतं. रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या काट्याच्या लाल पट्ट्यापर्यंत, पिळली तर घर्षणाची उष्णता वाढते. म्हणून वेग वाढवायचा, मग पाय उचलून गिअरमध्येच गाडी हळू होऊ द्यायची, परत वाढवायचा.

आजकालची इंजिनं पूर्वीपेक्षा अचूक घडवलेली असतात, हे खरं. तरी मॅन्युअलमध्ये रनिंग-इनचं पान असतंच, आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकात तेवढं एक पान तरी वाचावं. पेट्रोलला सुरुवातीला साधारण तीन हजार आरपीएम, डिझेलला अडीच हजार हा ढोबळ अंदाज झाला. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच खरं.

काटोलचा रस्ता या कामाला फार सोयीचा. कळमेश्वर सुटलं की मोकळा पट्टा, मग गाव, मग स्पीडब्रेकर, मग संत्र्यांनी लादलेला ट्रॅक्टर, ज्याच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये जावंच लागतं. आंबिया बहाराची तोड सुरू असली की काटोल ते मोर्शी हे असंच. घाई असेल तर वैताग येईल, रनिंग-इन करायचं असेल तर रस्ताच तुमचं काम करतो. मी चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान खाली-वर करत होतो. मागच्या सीटवरून मामा म्हणाले, "काय करून राहिला रे? एका चालीनं चालव ना!"

"मामा, तेच तर करायचं नाही आहे."

त्यांनी काचेकडे तोंड केलं. वरूडला तर्री-पोहे खाल्ल्यावर जरा निवळले.

वरच्या गिअरमध्ये गाडी कुंथवू नका. चौथ्यात पस्तीसनं चढ घ्यायचा आणि ॲक्सिलरेटर तळाला दाबायचा, यानं इंजिनाला तीन हजार आरपीएमपेक्षा जास्त त्रास होतो. गिअर उतरवा. सकाळी गाडी गरम व्हायला दहा मिनिटं उभी चालू ठेवणंही नको. अर्ध्या मिनिटात निघा आणि तापमानाचा काटा वर येईपर्यंत हलकी चालवा. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय, असेल तर तिला हात लावू नका.

घाटाआधी ब्रेकचं बघा. नवे पॅड डिस्कवर बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात आणि नव्या टायरची पकडही सुरुवातीला कमी असते. म्हणून मोर्शीच्या पुढे, मागे कोणी नाही हे आरशात बघून, साठवरून वीसपर्यंत मध्यम दाबानं ब्रेक लावत आणलं. मध्ये थोडं अंतर चालवून ब्रेक गार होऊ दिले. करकचून लावायचे नाहीत, आणि गरम ब्रेक दाबून गाडी उभी ठेवायची नाही.

परतवाड्यात टाकी भरली आणि तेल पाहिलं. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबलो, डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) पुसून परत घातली. मधासारखं सोनेरी तेल, वरच्या खुणेच्या किंचित खाली. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये असलं की पुरे. बॉनेट उघडताच जळकट वास आला. नव्या गाडीच्या एक्झॉस्टवरचा लेप तापून असा वास सुरुवातीला येतो. धूर किंवा खाली थेंब दिसला तर मात्र पुढे जाऊ नका.

चिखलदरा १,११८ मीटरवर आहे, म्हणजे चढ चांगलाच. आम्ही तिघंच होतो, सामान थोडकं. पाच माणसं आणि डिकी भरून नवं इंजिन या घाटात चढवू नये. बहुतेक वळणं दुसऱ्या गिअरमध्ये, सरळ तुकड्यावर तिसरा. वर देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड बघून घ्या, रबडी सोडू नका. दुपारी उशिरा रेंगाळू नका; हा मेळघाटचा भाग आहे, अंधारात रस्त्यावर जनावर येतं. उतरतानाही दुसराच गिअर ठेवा, न्यूट्रल कधीच नको. ब्रेकला आराम मिळतो आणि पाय उचललेला असताना सिलिंडरमधल्या ओढीनं रिंगांपर्यंत तेल पोचतं.

येताना अमरावती, तळेगाव, कोंढाळीचा चौपदरी धरला. तिथे वेग मुद्दाम सत्तर-नव्वद असा बदलत राहावा लागतो, नाहीतर समृद्धीसारखंच.

बऱ्याच गाड्यांची पहिली सर्व्हिस हजार किलोमीटर किंवा एक महिन्याला असते. तेव्हा तेल बदलायचं की नुसतं तपासायचं, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच जा. काउंटरवर इंजिन फ्लश आणि कसलीशी कोटिंग पुढे करतात, मॅन्युअलमध्ये नसेल तर सरळ नाही म्हणा. मजुरी फुकट असलेल्या सर्व्हिसचं बिल तिथेच फुगतं.