आधी मॉर्फिनची गोळी, मग तेल आणि तंबोरा

अण्णांचा फुफ्फुसाचा कॅन्सर हाडांत उतरला. आता त्रास कमी ठेवायचा, एवढंच हाती होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी रोज नवा उपाय कानावर यायचा: भस्म, गोमूत्र, हळदीच्या कॅप्सूल, मालीश. सगळे मायेनंच सांगत. मी सगळं वहीत उतरवायचे आणि पॅलिएटिव्हच्या, म्हणजे त्रास कमी ठेवायचे उपचार करणाऱ्या, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अण्णांना काही द्यायचे नाही.

प्रत्येक ओळीला त्यांचा एकच प्रश्न: "हे औषधाच्या जोडीला, की औषध बंद करून?" भस्मावर त्यांनी सरळ काट मारली; काही भस्मांत शिसं-पारा निघतो. हळदीचं दूध चालेल, कॅप्सूल नकोत, कारण रक्त पातळ करायची गोळी चालू होती. मालीश जरूर, पण हलक्या हातानं आणि फक्त तळव्यांना. गाठ असलेल्या हाडावर दाब पडला तर हाड मोडू शकतं. पोटरी अचानक सुजली तर तेल बाजूला ठेवून आधी फोन करायचा, रक्ताची गुठळी असू शकते.

मॉर्फिनवरून मात्र घरात वाद झाला. आत्या म्हणाली, "अगं, त्याला अफूची सवय लावतेस का?" डॉक्टरांनी तिलाच समोर बसवलं. दुखण्यासाठी देखरेखीखाली घेतलं तर सहसा व्यसन लागत नाही. दुखायची वाट न बघता दर चार तासांनी द्यायचं. बद्धकोष्ठ होणार, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सोपा झाला, तरी हे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. गोळ्यांची पट्टी संपत येण्याआधीच मी चिठ्ठी घेऊन जायचे.

अण्णा माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले. गोळीआधी तंबोरा लावला की "बंद कर" म्हणायचे. गोळी लागू पडली की मी तळव्यांना कोमट तिळाचं तेल चोळायचे, मोबाईलवर भूप राग चालू असायचा आणि तालातल्या 'खाली'च्या मात्रेला त्यांचा हात चादरीवर आपोआप उलटा व्हायचा. दुखणं आवरल्याशिवाय सूर आत शिरत नाही, हे मी रोज पाहिलं.

धाप लागली की चेहऱ्यावर वारा घातल्यानं बरं वाटायचं. ते काम आत्यानं घेतलं. भस्माचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. गोळीची वेळ झाली की तीच मला हाक मारायची.