आमची वाटचाल: विळा, मोरचूद आणि सरावाचे प्रश्न

जालना जिल्ह्यातल्या अंबडला आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, आणि नववी-दहावीच्या मुलांसाठी रसायनशास्त्राच्या सरावपत्रिकाही आम्ही काढतो. ह्यांनी दुकान टाकलं तेव्हा मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते. संध्याकाळी दुकानात बसायचे. जानेवारी उजाडला की दहावीची पोरं जुन्या प्रश्नपत्रिका, गाइडची पानं, कोणाच्या तरी वहीतल्या नोट्स गठ्ठ्यानं झेरॉक्स करून न्यायची. एकदा एका मुलीला विचारलं, "एवढे प्रश्न सोडवतेस का गं?" ती म्हणाली, "सोडवत नाही मॅडम, पाठ करते. उत्तरं मागं दिलेली असतेत."

तिचं चुकत नव्हतं. तिच्या हातात जे होतं ते पाठ करण्याजोगंच होतं. पण समीकरणं पाठ करून आलेलं पोर अकरावीत एक आकडा बदलला की कसं अडकतं, हे मी रोज वर्गात पाहत होते.

मग मी चुका जमवायला लागले. वह्या तपासताना प्रत्येक चूक एका जुन्या डायरीत उतरवायची. वर्षभरात लक्षात आलं की पोरं शंभर ठिकाणी चुकत नाहीत, फार तर आठ-दहा ठिकाणी चुकतात, आणि त्यातल्या निम्म्या चुका संयुजेपाशी, म्हणजे अणू किती बंध जोडू शकतो त्या आकड्यापाशी, सुरू होतात. मॅग्नेशियमची संयुजा दोन, क्लोरीनची एक, हे तोंडपाठ असतं, तरी मॅग्नेशियम क्लोराइडचं सूत्र लिहिताना क्लोरीनच्या पायाशी दोन लिहायचं राहतं. समीकरण संतुलित करताना याहून मोठा घोळ होतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होतं, डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आहेत आणि उजवीकडे एक. पोरगं काय करतं? पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली दोन लिहून टाकतं. दोन्ही बाजू जुळतात, पण एच टू ओ टू म्हणजे पाणी नव्हे, जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड. आकडा सूत्राच्या आधी लिहायचा असतो, पोटात नाही. हे फळ्यावर सांगून कळत नाही. स्वतः चुकावं लागतं, आणि चुकलं त्याच क्षणी कोणीतरी बोट ठेवावं लागतं.

घरी बोट कोण ठेवणार? आमचा सगळा व्यवसाय या एका प्रश्नावर उभा आहे.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाइन तास सुरू झाले, पण आमच्या भागात घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील दिवसभर शेतात. दुकानही बंदच होतं. घरात कागदाची रिमं पडून होती. आम्ही दोघांनी पहिली सरावपत्रिका काढली, एकच कागद, पाठपोट. पुढच्या बाजूला दहा प्रश्न: आधी संयुजा, मग सूत्र, मग समीकरण. मागच्या बाजूला नुसती उत्तरं न देता चुकीच्या उत्तरांची वाट दिली. "तुमचं उत्तर एच टू ओ टू आलं असेल, तर तुम्ही पायाशी असलेला आकडा बदललात. चौथ्या प्रश्नाकडे परत जा." अशी वाक्यं लिहायला प्रश्न लिहिण्याच्या तिप्पट वेळ लागतो. आजही लागतो.

दूध संकलन केंद्रावर आणि किराणा दुकानात कागद ठेवले. दुधाच्या किटलीबरोबर सरावपत्रिका घरी जायची, आठवड्याला एक. किंमत पाच रुपये. दोन महिन्यांत आठ गावांत कागद जाऊ लागले.

पुढच्या वर्षी हिंमत करून पुस्तिका छापली. नववीचं द्रव्याचं मोजमाप आणि आम्ल-आम्लारी, दहावीचं आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान, कार्बनी संयुगं. 600 प्रती. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये घेताना काही पानांवर पायाशी असलेले लहान आकडे उडाले आणि ते आमच्या कोणाच्याच नजरेस पडलं नाही. घनसावंगीकडच्या एका मुलीचा फोन आला, "मॅडम, पाण्याचं सूत्र एचओ कसं?" मी खाली बसले. दोन रात्री आम्ही घरातली सगळी माणसं पेनानं आकडे घालत होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हातानं घातलेल्या आकड्यांतही चुका होताहेत. सगळ्या प्रती रद्दीत घातल्या, विकलेल्या परत मागवल्या आणि उसने पैसे घेऊन पुन्हा छापल्या. ज्या विषयात एका आकड्यानं पाण्याचं दुसरंच काही होतं, त्या विषयात चुकीची पुस्तिका मुलांच्या हातात ठेवणं मला जमणार नव्हतं. त्यातच 2021 ची दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली, विक्री थांबली. ते कर्ज फिटायला दोन वर्षं गेली. तेव्हापासून प्रत्येक पान छपाईआधी नववीतली दोन मुलं सोडवून बघतात, आणि त्यांना त्याचे पैसे देतो.

आमच्या कामाला खरं वळण लावलं ते एका मोसंबीवाल्याच्या पोरानं. विस्थापन अभिक्रियेचा (एक धातू दुसऱ्याला द्रावणातून हटवतो ती) नेहमीचा प्रश्न होता: मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळा बुडवला तर काय दिसेल? त्यानं उत्तराखाली लिहिलं होतं, "तांबूस थर येतो. आमचे अण्णा बोर्डो करताना विळा बुडवून पाहतेत. लाल झाला तर चुना कमी पडला म्हणतेत."

अंबड, बदनापूर, घनसावंगी हा मोसंबीचा पट्टा. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येऊ नये म्हणून इथं झाडाच्या खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, लावतात, आणि फवारणीला एक टक्क्याचं मिश्रण करतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. चुना पुरेसा पडला तर तांबं हायड्रॉक्साइडच्या रूपानं बांधलं जातं आणि विळ्यावर काही बसत नाही. कमी पडला तर मोकळं तांबं लोखंडावर येऊन बसतं, आणि तेच द्रावण पानं जाळतं. मिश्रण लोखंडी भांड्यात करायचं नाही, प्लास्टिकच्या पिंपात करायचं, यामागचं कारणही हेच. एम.एस्सी. होऊन इतकी वर्षं मी ही अभिक्रिया शिकवत होते, आणि ती माझ्या दारासमोरच्या बागेत दरवर्षी होत होती.

तेव्हापासून प्रत्येक संचात एक "घरात विचारा" प्रश्न असतो. त्याचं उत्तर पुस्तकात नसतं, घरातल्या माणसाकडे असतं. हळदीचा डाग साबणानं लाल का होतो? सासूबाईंनी हा प्रश्न ऐकून लगेच सांगितलं, "अगं, हळदीला चुना लावूनच तर कुंकू करायचे पूर्वी." लिंबू सांडलं की शहाबादी फरशीवर बुडबुडे येऊन चमक का जाते? बोअरचं पाणी तापवलं की हीटरच्या कॉइलवर पांढरा थर कुठून येतो? युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र किती? हा शेवटचा प्रश्न माझा फार आवडता आहे. युरियाचं रेणुवस्तुमान 60, त्यात नायट्रोजनचे 28, म्हणजे 46.67 टक्के. गोणीवर 46 लिहिलेलं असतं. पोरगं गोठ्यात जाऊन गोणी वाचतं, हिशोब जुळतो, आणि वडील विचारतात, "हे तुमच्या पुस्तकात असतंय काय?" बोट ठेवायला घरात माणूस सापडतो तो असा.

एक गोष्ट मात्र ठाम ठेवली. मोरचूद विषारी आहे, कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो आणि उडाला तर डोळा जातो. असले प्रयोग आम्ही मुलांना करायला सांगत नाही, मोठी माणसं करत असताना लांबून पाहायला सांगतो. हळद, लिंबू, जास्वंदीचं फूल, खाण्याचा सोडा, एवढ्यावर खूप काही शिकता येतं.

दुसरा बदल भाषेचा. मराठी माध्यमातलं पोर अकरावीला सायन्स घेतं आणि पहिल्याच आठवड्यात संयुजेचं व्हॅलन्सी, क्षपणाचं रिडक्शन, अवक्षेपाचं प्रेसिपिटेट होतं. येत असलेली गोष्ट अचानक अनोळखी वाटते. कितीतरी हुशार मुली याच ठिकाणी हाय खाऊन आर्ट्सला गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून दहावीच्या दुसऱ्या सत्रापासून प्रत्येक प्रश्नात दोन्ही शब्द शेजारी शेजारी देतो. सेमीच्या मुलांनाही त्याचा उलट बाजूनं उपयोग होतो.

पालक विचारतात, 'नीट'चं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं, का नाही काढत? त्यासाठी लातूर आहे, तिथं ते काम वर्षानुवर्षं मेहनतीनं करणारी माणसं आहेत. नववी-दहावीत पाया कच्चा राहिलेल्या पोराला मात्र तिथवर पोचताच येत नाही. आम्ही त्या पायापाशीच थांबलोय.

आज आम्ही पाच जण आहोत. मी प्रश्न लिहिते, हे मांडणी आणि छपाई बघतात, गावातल्या दोघी जणी मुलांनी परत पाठवलेल्या पत्रिका वाचून चुकांची नोंद करतात, आणि एक मुलगा मोटारसायकलवर संच पोचवतो. डायऱ्या आता अकरा झाल्यात.

सध्या धातुविज्ञानाचा संच नव्यानं लिहितेय. जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्या वडिलांनी मुलीच्या पत्रिकेवर लिहून पाठवलंय की लोखंडाबद्दल काही विचारायचं असेल तर रविवारी सुट्टी असते. त्यांना घरी बोलावलंय. तापलेल्या सळईवर जी काळी खपली धरते ती काय असते, आणि पावसात चढणाऱ्या तांबड्या गंजाहून ती वेगळी कशी, हे त्यांच्या तोंडून ऐकायचंय. प्रश्न त्यानंतर लिहीन.