पाच मिलिमीटर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी स्पेनच्या मायोर्का बेटावर जाऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी मी शिवून दिलेलं प्रवासाचं पाकीट घेऊन दारात उभ्या राहिल्या. तक्रार नाही हं, म्हणाल्या, नुसतं दाखवायला आले. पासपोर्ट त्याच्या कप्प्यात छान बसला होता. शेजारच्या कप्प्यात मात्र एक पिवळी पुस्तिका तिरकी अडकली होती. निम्मी आत, निम्मी बाहेर.

ती पुस्तिका म्हणजे इम्फपास. लहानपणापासून घेतलेल्या प्रत्येक लशीची नोंद, स्टिकर आणि डॉक्टरांचा शिक्का तिच्यात असतो. आपल्याकडे मुलाचं लसीकरणाचं कार्ड शाळाप्रवेश झाला की कपाटाच्या तळाशी जातं. इथे जर्मनीत सत्तरीतली माणसंही ते जपून ठेवतात, आणि प्रवासाला निघताना पासपोर्टाशेजारी ठेवतात.

मी कापड बेतताना फक्त पासपोर्ट मोजला होता. त्याचं आंतरराष्ट्रीय माप ठरलेलंच आहे, ८८ बाय १२५ मिलिमीटर. आपला निळा असो की यांचा लालसर, फरक नाही. आजींची पुस्तिका मोजली तर निघाली ९३ बाय १३०. दोन्हीकडून पाच-पाच मिलिमीटर जास्त. सांगलीला आत्या उषा मशीनवर झबली शिवायची तेव्हा माझ्या कातरीकडे बघून एकच वाक्य ओरडायची, "माया सोड गं, माया!" शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात ना, ती माया. ती मी चांगली सेंटिमीटरभर सोडली होती. पण कप्प्यात काय जाणार हे न विचारताच बेतलं, तर शिवणीतल्या मायेचा काय उपयोग? त्या दिवशी तयार असलेली अकरा पाकिटं उसवायला बसले.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही श्टुटगार्टजवळ राहायला आलो. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून जुळी शहरं आहेत. सांगलीकरांना त्याचं काय!) माझ्या निवासी परवान्यावर काम करायला मुभा असल्याचं छापलेलं होतं, त्यात स्वतःचा धंदाही आला. मग नगरपालिकेत जाऊन धंद्याची नोंदणी केली. अर्जात 'कामाचं स्वरूप' या रकान्यात काय लिहायचं यावर मात्र अर्धा तास गेला. कपडे शिवते असं लिहिलं तर शिंपीकाम हा इथे हस्तव्यवसायात मोडतो आणि त्या व्यवसायाच्या मंडळाची वेगळी नोंदणी मागे लागते. शेवटी 'कापडी लहान वस्तू तयार करणे व विकणे' असं लिहिलं. उलाढाल वर्षाला २५,००० युरोच्या आत असली की विक्रीकराची भानगड नाही. माझी त्याच्या आसपासही नाही, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

मशीन जुनं घेतलं, पफचं. ही कंपनी १८६२ ची, काइझर्सलाउटर्न गावची. तिच्या १९६८ सालच्या एका मॉडेलपासून दाबपायाच्या मागे वरून कापड ओढणारा एक छोटा पाय आला. खालचे दाते आणि वरचा पाय एकाच वेळी कापड पुढे नेतात. म्हणजे खण, चिकट अस्तर, आतलं सुती कापड आणि चेनची पट्टी असे चार थर असले तरी वरचा थर मागे राहत नाही. आत्याला हे दाखवलं असतं तर तिनं झबली सोडून गोधड्याच शिवायला घेतल्या असत्या.

पाकिटं मी खणाची करते. गुळेदगुडचा खण, ब्लाउज शिवून उरलेले तुकडे. आई शिंप्याकडून मागून आणते आणि कुणी इकडे येणारं भेटलं की त्याच्या बॅगेत कोंबते. खण दिसायला देखणा, पण कातर लागली की धागे सुटतात. म्हणून कापायच्या आधीच मागून इस्त्रीनं चिकटणारं अस्तर लावते, आपल्या बकरमच्या जातीचं पण मऊ. इस्त्री कोमट ठेवावी लागते, कारण हल्लीच्या खणात कृत्रिम धागा असतो आणि तो आकसतो. पहिले दोन तुकडे असे आकसवूनच मला हे कळलं.

बंद करायला टिचबटण. हा शब्द इथे मनातल्या मनात म्हणताना फार बरं वाटतं. आमच्यापासून फार लांब नसलेल्या फोर्त्सहाइमच्या हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे १९०३ मध्ये हान्स प्रिम यांनी आत स्प्रिंग बसवून ते सुधारलं. आईच्या परकरपोलक्याच्या खांद्यावर जे 'टिच्' वाजायचं त्याचं मूळ गाव इथलं निघालं.

किचेन मी आधी नुसत्या जोडकाम म्हणून करत होते. लांबट पट्टी, टोकाला पत्र्याची चाप, ती पक्कडीनं दाबायची, झालं. खपल्या मात्र त्याच जास्त. चर्चच्या सभागृहातल्या नाताळआधीच्या बाजारात मी टेबल घेतलं होतं. तिथे एका बाईंनी किचेन हातात घेऊन विचारलं, "यात चिप कुठे ठेवायची?" मला मोबाइलची चिप वाटली. त्यांना हवी होती सुपरमार्केटच्या ढकलगाडीची. इथे गाड्या साखळीनं एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यात एक युरोचं नाणं किंवा तेवढीच प्लास्टिकची चकती घातली की गाडी सुटते, परत जागेवर लावली की नाणं हातात. एक युरोचं नाणं २३.२५ मिलिमीटर व्यासाचं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक किचेनला तीस मिलिमीटरचा एक चिमुकला खिसा असतो. या वेळी माया सोडलीय.

किल्ल्यांबाबत लोक इथे भलतेच हळवे आहेत, आणि त्याला कारण आहे. दार नुसतं ओढलं तरी बाहेरून उघडत नाही. कचरा टाकायला चपलांवर खाली गेलात आणि वाऱ्यानं दार लागलं, तर कुलूपवाल्याला बोलवा. इमारतीच्या मुख्य दाराची किल्ली हरवली तर कधीकधी सगळ्या बिऱ्हाडांची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येतो. म्हणून किचेन भडक हवी, पर्सच्या तळाशीही दिसेल अशी. हिरव्या खणाला लाल काठ, ही एकदम पटकन जाते.

आपल्या लोकांची मागणी वेगळीच. ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं त्यांना भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, मग ओसीआय आलं, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचा दाखला. तोही पासपोर्टासारखी पुस्तिकाच. चौघांचं कुटुंब म्हणजे आठ पुस्तिका, शिवाय बोर्डिंग पास. एका काकूंनी सांगितलं, "सगळं एकाच पाकिटात मावलं पाहिजे, विमानतळावर हे चारदा विचारतात, आहे ना गं?" ते पाकीट विटेएवढं जाड झालं. टिचबटण लागेना, चेन लावली. वर त्यांनीच विचारलं, "दोन घेतल्या तर कितीला द्याल?" जर्मन गिऱ्हाईक किंमत बघतं, नाणी मोजून देतं किंवा नमस्कार करून निघून जातं. घासाघीस ऐकून मला खरं तर घरी आल्यासारखं वाटलं, पण दिली नाही सूट.

कशी देणार? एका पाकिटाला अडीच तास लागतात. २०२५ चं इथलं किमान वेतन ताशी १२.८२ युरो. म्हणजे कापड, चेन, बटण सोडून नुसती मजुरी ३२ युरोंवर जाते, आणि मी पाकीट विकते २८ ला. त्यात डिसेंबर २०२४ पासून युरोपच्या सुरक्षा-नियमानुसार प्रत्येक वस्तूसोबत बनवणाऱ्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो. गाडीच्या चकतीचा खिसा असलेल्या किचेनबरोबर माझ्या घराचा पूर्ण पत्ता जातो. सासूबाईंना हे पटलेलं नाही.

रविवारी मशीन बंद. इमारतीच्या नियमावलीत शांततेचे तास लिहिलेले आहेत, आणि जुनं लाकडी तळ असल्यामुळे माझी टीप खालच्या घरात थेट छतावर वाजते. वॉशिंग मशीनखाली घालतात ती रबरी चटई पफखाली घातलीय, तरी रविवारी मी फक्त हातशिलाई करते.

गेल्या रविवारी तेच चाललं होतं, तर आजी वर आल्या. पिवळी पुस्तिका आता नीट बसत होती. तरी अजून एक कप्पा हवा होता त्यांना, सगळ्यात पुढे, पाकीट उघडताच दिसेल असा. काय ठेवायचंय, मी विचारलं. त्यांनी एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं, अवयवदानाचं. मोजलं. बँकेच्या कार्डाएवढंच होतं.