तुला दिसतंय की!

एलएलबीच्या पहिल्या सेमिस्टरला रायटर, म्हणजे परीक्षेत मी सांगेन ते लिहिणारा, मागायला ऑफिसात गेले, तर क्लार्कसाहेब म्हणाले, "रायटर आंधळ्यांना असतो. तुला दिसतंय की!"

दिसतं, खरं आहे. खानापूरहून बसने येते, बेळगावात उतरून काठीशिवाय कॉलेजपर्यंत चालते. पण डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, निकामी आहे. कडेचं दिसतं, जिथे नजर रोखावी तिथेच धुकं. रस्ता कळतो, छापील ओळ कळत नाही. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, टक्केवारी सोयींसाठी लागणाऱ्या ४० च्या वर आहे, तेही दाखवलं. "बघू" म्हणाले.

केंद्राच्या तेव्हा लागू असलेल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी असेल तर मागितल्यावर रायटर द्यायचा होता. बाकीच्यांना लिहिता येत नसल्याचा, ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागायचा; तो सरकारी रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जन किंवा मेडिकल सुपरिंटेंडेंट दर्जाच्या अधिकाऱ्याचा. तो मिळवला, सोबत विनंतीअर्ज जोडला. अर्ज पडून राहिला. मग आमच्या एक मॅडम म्हणाल्या, "विनंती कसली करतेस? कलम लिही." दुसऱ्या अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १७ (आय) घातलं. परीक्षेत जादा वेळ आणि रायटर ही सोय त्यात सरळ लिहिलेली आहे. या अर्जावर सही झाली. (कुणाचं ४० टक्क्यांत बसत नसेल तर सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा विकास कुमार निकाल वाचा. त्यातल्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार, होता.)

खरी शोधाशोध पुढे. आपला रायटर आणायचा तर त्या सूचनांप्रमाणे त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी खाली हवं होतं, म्हणजे वर्गातली मैत्रीण बाद. गावाकडच्या मुली मराठी माध्यमाच्या. इंग्रजी लिहितील, पण सांगण्याच्या वेगाने नाही. शेवटी शहापुरातली, पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीतून केलेली एक मुलगी तयार झाली. कायदा तिने फक्त सिनेमात बघितलेला. पहिल्या सरावात मी 'रेस इप्सा लोक्विटर' ('घटनाच बोलते' हे कायद्यातलं लॅटिन तत्त्व) म्हटलं, तर तिने धावण्याची रेस लिहून पुढची जागा मोकळी सोडली. मग आमचं ठरलं: लॅटिन शब्द अक्षर-अक्षर सांगायचा, खटल्याचं नाव आलं की अधोरेखित, मी "पॅरा" म्हटलं की नवीन ओळ. लिहिलेलं मला तपासता येत नाही, म्हणून प्रत्येक उत्तराचं शेवटचं वाक्य ती हळू आवाजात वाचून दाखवायची.

तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. याला लोक सवलत म्हणतात. तो तास स्पेलिंग सांगण्यात आणि तिचं मनगट मोकळं करण्यात जातो, हे वेगळ्या खोलीतल्या सुपरवायझरशिवाय कुणी बघत नाही.

कोर्टातली कामं मात्र मला जमली. मूट कोर्टला, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्याला, मुद्दे पाठ असायचे. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात खटल्यांचं कामकाज बघून नोंदवही लिहायची असते. मी ते ऐकून घरी फोनवर बोलून टाईप केलं.

अभ्यासाच्या साहित्याचं रडगाणं अजून संपलेलं नाही. नोट्स म्हणून येतात ते वहीचे फोटो. त्यांच्यापुढे एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मुका. इंडिया कोड या सरकारी वेबसाइटवरचे कायदे तेवढे वाचून देतो, नवी न्याय संहितासुद्धा. इथे मला कलमाचाही फारसा आधार नाही. १७ (जी) मध्ये पुस्तकं आणि उपकरणं मोफत द्यायची आहेत, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. पदवी घेऊन एलएलबीला येणाऱ्यांत अठराच्या आतलं कोण असतं?

आता पुढे वकिलीसाठी लागणारी ऑल इंडिया बार एक्झाम. तिथे टिपणं नसलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्यांची नुसती मूळ पुस्तकं, नेता येतात. पण पानं चाळून कलम शोधायचं कुणी, मी की रायटरने? हा प्रश्न अर्जात आधीच लिहून विचारणार आहे, १७ (आय) सकट.