ठमीचा वितळणारा डोळा

ठमी पग आहे. म्हणजे नाक आत, डोळे बाहेर. अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या पापण्या पुष्कळदा झोपेतही पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे डोळा मधोमध सुकतो. त्यांच्या डोळ्याच्या पृष्ठभागाची संवेदनाही कमी असते, काही लागलं तरी ती चटकन दाखवत नाहीत. हे सगळं मला आता पाठ झालंय. तेव्हा एवढंच दिसलं होतं, की ती उजवा डोळा बारीक करून बसलीय आणि त्यातून पाणी गळतंय.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डोळ्यात फ्लुरेसिनचा नारिंगी रंग सोडला आणि निळा दिवा धरला. मध्यावर हिरवा ठिपका चमकला. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, जिथे वरून सोलवटलेला असतो तिथेच हा रंग धरतो. म्हणजे अल्सर. अँटिबायोटिक थेंब, गळ्यात शंकू आणि उद्या परत दाखवायचंच, अशी ताकीद मिळाली. निघताना त्यांनी विचारलं, घरात डोळ्याचे जुने थेंब पडून आहेत का? असतील तर हात लावू नका. त्यात स्टिरॉइड असलं तर जखम भरायची थांबते आणि खोल जाते.

दुसऱ्या दिवशी ठिपका पसरला होता आणि त्याच्या कडा जेलीसारख्या लिबलिबीत दिसत होत्या. डॉक्टरांनी तिथूनच प्राण्यांच्या नेत्रतज्ज्ञांना फोन लावला. आजच्या आज जा, म्हणाले.

तज्ज्ञ मॅडमनी आधी चांगला डोळा तपासला, याचं मला नवल वाटलं. पापणीत कागदाची पट्टी अडकवून मिनिटभरात अश्रू किती येतात ते मोजतात. निरोगी कुत्र्यात 15 मिलिमीटर किंवा जास्त भिजते, ठमीची त्याच्या बरीच अलीकडे थांबली. उजव्या डोळ्याला मात्र त्यांनी दाब मोजायचं यंत्र लावलंच नाही, इतक्या नाजूक डोळ्यावर तेवढाही भार नको म्हणून. बधिर करणारा थेंब टाकून जखमेच्या कडेचा नमुना घेतला, थोडा कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखायला, पाठवला, थोडा तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात काठीच्या आकाराचे जिवाणू दिसले.

मग त्यांनी चित्र काढून समजावलं. कॉर्निया जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाचा बनलेला. काही जिवाणू आणि शरीराच्याच पांढऱ्या पेशी जी विकरं (एन्झाइम) सोडतात, ती हे कोलॅजन विरघळवतात. याला वितळणारा अल्सर म्हणतात, आणि तो एका दिवसातही डोळा फोडू शकतो. त्यावर उपाय निघाला ठमीच्याच रक्तात. रक्त काढून यंत्रात फिरवलं, वरचं पिवळसर सिरम छोट्या बाटलीत भरलं. सिरममध्ये ही विकरं रोखणारे घटक असतात. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, टोक कुठे टेकू द्यायचं नाही, आणि सुरुवातीला दर तासाला थेंब. रात्रीसुद्धा.

या रात्रींबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, म्हणून मी सांगते. ताई आणि मी पाळ्या लावल्या होत्या. सिरम, अँटिबायोटिक आणि अॅट्रोपिन अशा तीन बाटल्या, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. समोरून बाटली आणली की ठमी मान फिरवायची. मागून बसून, हनुवटी वर धरून, बाटली डोक्यावरून आणली की जमायचं. मानेला पट्टा नको, छातीचा हार्नेस वापरा, असं बजावलं होतं, कारण मान आवळली की डोळ्यातला दाब वाढतो. अॅट्रोपिनने बाहुली मोठी होते आणि आतली वेदना कमी होते, पण ते भयंकर कडू. नाकावाटे घशात उतरलं की ठमीच्या तोंडाला फेस यायचा. पहिल्यांदा आम्ही दोघी हबकलो. मलम दिलंच नव्हतं. डोळा फुटलाच तर तेलकट मलम आत जाऊन मोठा दाह होतो.

वितळणं थांबलं, पण खड्डा खोल गेला होता. पुढच्या तपासणीत मधला भाग रंगच घेईना, भोवती फक्त हिरवं कडं. मला हायसं वाटणार तोच मॅडम म्हणाल्या, ही चांगली खूण नाही. कॉर्नियाच्या अगदी आतल्या बाजूचा पातळ पडदा हा रंग घेत नाही. जखम तिथवर पोचलीय आणि डोळा त्या एका पडद्यावर तगून आहे. आता शस्त्रक्रिया.

मी सरळ विचारलं, डोळा काढून टाकणं सोपं नाही का? प्रश्न क्रूर वाटेल, पण विचारावा. त्यांना राग आला नाही. काढला तर दुखणं एका झटक्यात संपतं, कुत्री एका डोळ्यावर छान जगतात, म्हणाल्या. पण आतला भाग अजून शाबूत आहे, वाचवून बघण्यासारखा आहे. संमतिपत्रात मात्र एक ओळ होती, की भुलेखाली डोळा वाचवण्याजोगा नाही असं दिसलं तर तो काढण्यास परवानगी. त्या ओळीखाली सही करायला मला वेळ लागला.

शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणाची एक पट्टी सोडवून, मूळ तसंच ठेवून, खड्ड्यावर वळवतात आणि केसाहून बारीक धाग्याने शिवतात. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, ही पट्टी आपल्या वाहिन्यांसकट येते आणि जखमेला रसद पुरवते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भुलीतून उठताना श्वासाचा त्रास होऊ शकतो, म्हणून ती नीट जागी होईपर्यंत श्वासनलिकेतली नळी काढली नव्हती.

शस्त्रक्रियेनंतर डोळा आधीपेक्षा वाईट दिसतो, याची तयारी ठेवा. मधोमध लालबुंद मांसल डाग, सूज, चिकट पाणी. शंकू क्षणभरही काढायचा नाही, एका खाजवण्यात टाके सुटतात. काही आठवड्यांनी पट्टी घट्ट धरल्यावर तिचं मूळ कापलं, फक्त बधिर करणाऱ्या थेंबांवर. रक्तपुरवठा तुटला तसा डाग फिका पडत गेला.

आता तिथे राखाडी-पांढरा वण आहे आणि तो राहणार. त्याच्या कडेने तिला दिसतं, चेंडू उजवीकडून आला तर थोडा उशिरा कळतो. दोन्ही डोळ्यांत अश्रू वाढवणारं सायक्लोस्पोरिन आणि कृत्रिम अश्रू कायमचे चालू आहेत. नाकाच्या बाजूचे पापण्यांचे कोपरे थोडे शिवून डोळ्यांची फट लहान करायची, म्हणजे पापण्या नीट मिटतील, असं मॅडमनी सुचवलंय. ताईला ते एवढ्यात नको वाटतंय. मी हो म्हटलंय, कारण डावा डोळाही तसाच बाहेर आहे.