सिएद म्हणजे स्यात्: लॅटिनच्या आधीची क्रियापदं

प्राचीन इटलीतल्या लॅटिन, फॅलिस्कन, ऑस्कन आणि उंब्रियन या भाषा ज्या भाषेतून फुटल्या, त्या प्रोटो-इटालिकचा एकही लेख उपलब्ध नाही. तिची क्रियापदं लेकींच्या तुलनेतून पुन्हा बांधताना हमखास होणारी चूक म्हणजे लॅटिनचाच तक्ता जुना करून मांडणं. माझ्या मते, लॅटिनमधल्या रूपाला ऑस्कन किंवा उंब्रियनमध्ये जोडीदार मिळेपर्यंत ते लॅटिनचं घरगुती समजावं.

सुरुवात प्रत्ययापासून करावी. १८८० साली रोमच्या क्विरिनाल टेकडीवर तीन मडकी जोडलेलं एक भांडं सापडलं. त्यावरच्या जुन्या लॅटिन लेखात 'मितात' (पाठवतो), 'सिएद' (असावी) आणि 'फेकेद' (केलं) अशी रूपं आहेत. शेवटचं अक्षर बघा: वर्तमानात त्, बाकी दोन्हींत द्. संस्कृत शिकलेल्याला हे ओळखीचं वाटेल. भवति, पण अभवत् आणि भवेत्. शब्दाच्या टोकाला उघडा पडलेला त् मऊ होऊन द् झाला; 'ति'मधला त् पुढच्या इकारामुळे वाचला, आणि इकार नंतर गळला. सिएद तर सरळ आपलं स्यात्! ऑस्कनमध्येही भूतकाळी 'देदेद' (दिलं) आहे, म्हणून हा भेद निर्धास्तपणे मुळात न्यावा. पुढे लॅटिनने सगळीकडे त् लावला (सित, फेकित) आणि खूण पुसली गेली.

आता काळ. लॅटिन अपूर्ण भूतातल्या '-बा-'ला ऑस्कन 'फुफान्स' (ते होते) हा जोडीदार आहे. मूळ भ् शब्दाच्या मध्ये असला की लॅटिनमध्ये ब्, ऑस्कनमध्ये फ् होतो, म्हणून मुळात '-फा-' धरता येतो. भविष्यकाळात मात्र फसायला होतं. लॅटिनचा ब् आणि फॅलिस्कन 'पिपाफो'तला (मी पिईन) फ् जुळतात, पण उंब्रियन 'फेरेस्त' (नेईल) स् वापरतं. तेव्हा हा भविष्यकाळ लॅटिन-फॅलिस्कनपुरताच. भाववाचक रूपही ('करणे'सारखं) तसंच: लॅटिन '-रे', ऑस्कन '-उम'. तिथे रकाना रिकामाच ठेवावा.

सर्वांत अवघड पूर्ण भूत, कारण त्यात जुने दोन काळ एकत्र झाले. लॅटिन 'आमावी'मधला (मी प्रेम केलं) व् ऑस्कनमध्ये नाही. तिथे 'प्रूफात्तेद'सारखा (मंजूर केलं) दुहेरी त् येतो. दोन्ही नंतरची घडण. पण 'करणे'साठी लॅटिनमध्येच दोन रूपं आहेत: भांड्यावर फेकेद, प्रेनेस्तेच्या सोन्याच्या पिनेवर द्वित्व झालेलं (सुरुवातीचं व्यंजन दोनदा आलेलं) 'फेफाकेद'. ऑस्कनमध्येही 'फेफाक-' आहे, आणि फेक-ला ग्रीक 'एथेके'चा आधार आहे. यातलं एक निवडू नये. दोन्ही अंगं (प्रत्ययाआधीचे भाग) मुळात ठेवावीत.